फुलांना लावायचा निळा

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला रंगाच्या दुकानात कुणी येत नाही. जे येतात ते सावलीला येतात. म्हणून तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला तेव्हा तिने आधी पंखा त्याच्याकडे वळवला आणि मग विचारलं, "काय देऊ?"

"निळा. लहान डबा."

"लाकडाला, लोखंडाला की भिंतीला?"

तो जरा घुटमळला. "फुलांना."

तिची पापणी लवली नाही. मामांच्या या दुकानात ती चार वर्षं रंग मिसळत होती. माणसांचं तिला फारसं आश्चर्य उरलं नव्हतं. "कागदाच्या?"

"नाही... जिवंत आहेत. कुंडीत."

"तेलाचा की पाण्याचा?"

"त्यांना मानवेल तो."

"देऊन टाक," मामा आतून म्हणाले. "गिऱ्हाईक रंग कशाला लावतं ते विचारू नये. मागे एकाने बोकडाला लावला होता."

"मग?" त्याने आशेने विचारलं.

"मग काय, बोकड निळा झाला."

तिने मात्र डबा काढला नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात एक गुलाबी फूल होतं, आणि ते चिरडू नये म्हणून तो खांदा वाकडा करून उभा होता. हे तिला उगाचच आवडलं. "रंग लावलात तर संध्याकाळपर्यंत माना टाकतील," ती म्हणाली. "आधी झालंय काय ते सांगा."

झालं होतं ते असं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना बाहेरून 'निघालातच म्हणून समजा' असं सांगायचं, आणि मग पाना शोधायला जायचं, ही त्याच्या धंद्याची रीत. अडकलेल्यांना धीर येतो. पण या सवयीला सुट्टी नसते. त्याच्या वडिलांनी शेवटच्या वर्षी पिटुनियाचं एक रोप आणलं होतं. निळं... दिवस मावळल्यावर आभाळ थोडा वेळ असतं तसं. वडील गेले, पाठोपाठ रोपही गेलं. आईने त्याचं बी पाकिटात जपलं, लेकीच्या बाळंतपणाला जाताना पाकीट त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, 'मी येईन तेव्हा फुललेलं दिसू दे.'

रोपं आली, कळ्या धरल्या. कळ्या मिटलेल्याच होत्या तेव्हा त्याने आईला फोनवर सांगून टाकलं, निळी आहेत म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिलं फूल उमललं. गुलाबी. मग एक फिकट जांभळं, एक पांढरं, आणि एक धुऊन धुऊन विटलेल्या बनियनच्या रंगाचं.

"आई रोज विचारते, आज किती? मी म्हणतो, अकरा. सगळी निळी? सगळी." त्याने मान खाली घातली. "काल तर मी शेजारच्या मावशींनाही दाखवली म्हणालो. मावशींना खूप आवडली."

"आई कधी येणार?"

"रविवारी."

संध्याकाळी दुकान मामांवर सोपवून ती फुलं बघायला गेली. बरोबर रंगांचं कार्ड घेतलं, ते तिच्याकडे नेहमीच असे. तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा. "लिफ्ट बंद आहे," तो जिन्याकडे बोट दाखवत म्हणाला. लिफ्टवाल्याकडे एकदा बघून ती जिना चढू लागली.

गॅलरीत वारा होता. फुलं एवढीशी, पण वाऱ्यावर अशी डोलत होती, जणू त्यांच्या रंगाबद्दल कुणाची काही तक्रार आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ती उकिडवी बसली आणि एकेका पाकळीशी कार्ड धरू लागली.

"ही 'लाजरी सकाळ', एकशे चार नंबर. ही 'गंभीर वांगं'."

"असं नाव आहे?"

"नावं ठेवणारा माणूस दुपारी जेवत नसावा." ती पुढे सरकली. "आणि हे बनियन... हे कार्डातच नाही. चार वर्षांत मी असा रंग बघितला नाही."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे बघितला नाही."

तो तिच्या शेजारी बसला. बराच वेळ दोघं त्या विटक्या फुलाकडे बघत राहिली... मग तो हळूच म्हणाला, "तुमच्या कानामागे पिवळा लागलाय."

"तो शनिवारचा आहे," ती म्हणाली, आणि पुसायचं मात्र विसरली.

मंगळवारी ती रोपवाटिकेत विचारून आली. असल्या संकरित रोपाच्या बियांतून तोच रंग पुन्हा येईलच असं नाही म्हणे. पणजोबांच्या काळातले रंग वर येतात. बुधवारी तिने त्याला प्रायमर म्हणजे काय ते समजावलं. त्याची गरज नव्हती, पण त्याने दोनदा विचारलं. गुरुवारी, शुक्रवारी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती गेली.

"रविवारी काय करू?" त्याने विचारलं.

"खरं सांगा."

"तुम्ही याल? अडकलेल्या माणसाबरोबर आत दुसरं कुणी असलं की तो कमी घाबरतो. अनुभव आहे."

रविवारी आई आली ती पिशवी खाली न ठेवताच गॅलरीत गेली. तिथे उभी राहिली. तो दारात, ती त्याच्या मागे.

"निळं एकही नाही?"

"नाही, आई. कधीच नव्हतं. मी उगाच... तुला बरं वाटावं म्हणून."

आई स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर तशीच. "त्यांनी आणलेला रंग होता तो," ती म्हणाली. "मला वाटलं, बी आहे म्हणजे राहील."

मग आईने वळून त्याच्या मागे पाहिलं. "तू रंगांची ना? बघ बाई नीट. कुठे जरासा तरी?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. ती जांभळ्या फुलापाशी वाकली. "निळं नाहीये, काकू. पण हा रंग मला डब्यात करायचा झाला तर शंभर भागांत बावीस भाग निळा घालावा लागेल. तो घातल्याशिवाय हा होणारच नाही."

"बावीस," आई म्हणाली. तिचं समाधान झालं असं नव्हे. पण तिने पिशवी खाली ठेवली, ती कुंडी जवळ ओढली आणि मातीत बोट घालून ओल बघितली.

"आणि दुसरं?" तिने वर न बघता विचारलं.

"दुसरं काय?" तो म्हणाला.

"बुधवारी फोनवर सांगितलंस ते. रंगाच्या दुकानातल्या मुलीला लग्नाचं विचारलं, ती हो म्हणाली. मी तुझ्या ताईला सांगितलं. तिने सासरी सांगितलं. तिच्या सासूबाईंनी साडीसुद्धा काढून ठेवलीय."

ती मनातल्या मनात बुधवार तपासत होती. बुधवारी प्रायमर झालं होतं. बाकी काही झाल्याचं तिला आठवेना.

"ते..." तो म्हणाला, "विचारायचं राहिलंय."

"म्हणजे तेही या फुलांसारखंच," आई म्हणाली.

त्याचे कान तापले होते. आता तो सावरून घेईल, हसण्यावारी नेईल, असं तिला वाटलं, आणि त्याने तसं करू नये असंही त्याच क्षणी वाटलं. आठवडाभर ती कशासाठी तीन जिने चढत होती ते तिला तेव्हा नीट कळलं.

"विचारा," ती म्हणाली.

"आत्ता? आईसमोर?"

"आईंना तुम्ही बुधवारीच कळवलंय. कळायची मीच राहिलेय."

आईने दोघांकडे पाठ केली आणि एका धडधाकट रोपाची वाळलेली पानं शोधू लागली. एकही नव्हतं. तरी ती शोधत राहिली.

"मला..." तो म्हणाला. मघाशी उगाच उचललेली झारी त्याच्या हातात कलली होती आणि पाणी त्याच्याच पायावर पडत होतं. "तुम्ही जिन्यात आलात की मला पावलांवरून कळतं. मग मी उगाच इकडेतिकडे बघत उभा राहतो, म्हणजे वाट बघत नव्हतो असं वाटावं. ते आता जमत नाहीये. माझ्याशी लग्न कराल?"

वारा आला. सगळी फुलं एकदम एका बाजूला कलली, आणि सावकाश पुन्हा सरळ झाली. तिने त्याच्या हातातली झारी काढून घेतली.

"आई," ती म्हणाली, "त्यांनी खोटं नव्हतं सांगितलं. जरा लवकर सांगितलं, एवढंच."