पाच टाके, नऊ दोरे

भुवई कधीही भादरायची नाही.

स्प्रिंगचं दार. तीस वर्षं कुरकुरतंय.

बाहेरच्या बोर्डावर डॉक्टरांचा हसरा फोटो... दवाखान्याच्या नावापेक्षा मोठा.

चेहऱ्यावरचे टाके पाचव्या दिवशी काढतात.

"तुला कोण बघायला बसलंय?"

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे, आणि गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. घडली ती माझ्या सख्ख्या आत्यासमोर. ती तेव्हा त्या दवाखान्यात सिस्टर होती. आणि रात्रबित्र काही नव्हती. सोमवार, भर दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं.

दार कुरकुरलं. काचेच्या दुकानात काम करणारी बाई आत आली. तावदानाचा कोपरा लागून डावी भुवई मधोमध चिरली होती. जखम वरवरचीच. स्वच्छ धुवायची, कडेला कड जुळवायची, बारीक टाके घालायचे. वीस मिनिटांचं काम.

पण डॉक्टरसाहेब फोनवर होते. बोर्डाला नवा फोटो काढायचा होता, आणि फोटोवाल्याला ते आपली चांगली बाजू समजावून सांगत होते.

"डावी हो, डावी! डावीकडून मी जरा रुबाबदार दिसतो."

आत्याला हसू आवरेना. रुबाब म्हणे! माणसाला टाका धड घालता येत नाही, आणि फोटोला बाजू हवी.

फोन खांद्यात धरूनच त्याने ब्लेडने बाईची भुवई भादरायला घेतली.

"साहेब, भुवई भादरत नाहीत," आत्या म्हणाली. "कडा जुळवायला केसांचीच खूण असते. आणि परत उगवेल याचा भरवसा नाही."

"वा! सिस्टर, आता तुम्ही मला शिकवा. तुमची खुर्ची घ्या इकडे, मी कापसाचे बोळे कापतो."

पालथ्या घड्यावर पाणी. आत्या बोळे कापू लागली.

त्याने इंजेक्शन दिलं. भाग सुन्न होईपर्यंत थांबायचं असतं... तो थांबला नाही. बाईने टेबलाची कड घट्ट धरली. पाच टाके. वरची कड एकीकडे, खालची दुसरीकडे. गोणपाटसुद्धा कुणी असं शिवत नाही.

"साहेब, वाकडं नाही ना झालं? दिसेल का?"

"तुला कोण बघायला बसलंय?"

तो स्वतःच्याच विनोदावर हसला. बाई हसली नाही.

"बरं," म्हणाली, आणि गेली.

पाचवा दिवस. शनिवार. बारा वाजून दहा मिनिटं.

आत्या बोळे कापत होती. मान वर केली, तर... ती बाई टेबलावर झोपलेली.

दार कुरकुरलं नव्हतं.

"आलीस का? चल, पटकन," साहेब म्हणाले.

चिमटा. कात्री. टक्.

एक दोरा ट्रेमध्ये. दुसरा. तिसरा. बाईचा श्वास ऐकू येत नव्हता.

चौथा. पाचवा.

टक्...

सहावा.

"सिस्टर, पाचच घातले होते ना?"

"पाचच, साहेब."

सातवा. त्याने डाव्या हाताने स्वतःची भुवई खाजवली. "मुंग्या झाल्यात का हो इथे?"

आठवा. पुन्हा खाजवली.

नववा.

आत्याने वाकून पाहिलं. दोऱ्यांखाली व्रण नव्हता. दाट, काळी, अखंड भुवई होती... पाच दिवसांत उगवलेली.

बाई उठली. साहेबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग चालू लागली. दार उघडलं, मिटलं.

आवाज नाही.

साहेब वळले, आणि आत्याच्या हातातली कात्री खाली पडली.

त्यांची डावी भुवई नव्हती. जागा गुळगुळीत, मधोमध वाकडी चीर, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना सुईची भोकं. वर नऊ, खाली नऊ.

रक्ताचा थेंब नाही.

त्याच संध्याकाळी आत्या काचेच्या दुकानात गेली. बाई काउंटरवर होती. भुवई बोडकी, वाकडी. आणि पाचही टाके जागच्या जागी.

आत्याने विचारलं, "अगं, तू... दुपारी आली होतीस ना दवाखान्यात?"

"त्या फोटोच्या दवाखान्यात? परत?" बाई फणकारली. "मेले तरी येणार नाही. उद्या दुसरीकडे काढून घेते."

मग ते नऊ दोरे कुणाचे? आत्याने ट्रे तसाच झाकून ठेवला होता. सोमवारी उघडला... नऊच्या नऊ होते.

साहेब चार मोठ्या डॉक्टरांना दाखवून आले. भुवई काही उगवली नाही. आता बायकोच्या पेन्सिलीने काढतात. घाम आला की ती गालापर्यंत उतरते, आणि बाकड्यावरचे सगळे पेशंट दुखणं विसरून बघत बसतात. बोर्डावर नवा फोटो लागलाय. उजवीकडून.

आत्या ही गोष्ट सांगताना साहेबांवर पोट धरून हसते. "मी सांगितलं होतं त्याला," असं दर वेळी म्हणते. आणि म्हणता म्हणता तिचा हात स्वतःच्या डाव्या भुवईवर जातो. नोकरी सुटून दोन वर्षं झाली, तरी सकाळी डोळे उघडायच्या आधी ती भुवई चाचपते. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तिने तेल घालू दिलेलं नाही. कुरकुरली की तिला बरं वाटतं.

परवा दुपारी बाराच्या सुमाराला स्वयंपाकघराचं दार उघडलं... कुरकुरलं नाही.

त्या सोमवारी ते ब्लेड आत्यानेच साहेबांच्या हातात दिलं होतं.