तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

गेल्या डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास चंपाताई तिचा जुना पिकअप घेऊन हडपसरला माझ्या गॅरेजवर आली. लोणी काळभोरहून पालक-कोथिंबीर मंडईत आणणारी एकटी बाई. गाडी बंद पडली की चूल बंद.

"दिगंबरभाऊ, पांढरा धूर थांबतच न्हाय बघा."

पांढऱ्या धुराची कारणं मोजकीच. थंडीत डिझेल न जळता बाहेर पडतं, तेव्हा डोळे चुरचुरतात. नाहीतर हेड गॅस्केट फुटून रेडिएटरमधलं कूलंट इंजिनात शिरतं, मग धुराला गोडसर वास येतो. मी सायलेन्सरमागे वाकलो. डोळे चुरचुरले नाहीत. वास आला तो गाळाचा... कुजलेल्या जलपर्णीचा. धुरापुढे धरलेला तळवा ओलाचिंब झाला.

हीटर प्लग तपासले, नोझल तपासले. दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. गॅस्केट धडधाकट. रेडिएटरमधली पातळी बोटभरही उतरलेली नव्हती. सगळं पुन्हा जोडलं आणि शेवटी रेडिएटर रिकामा करून अर्धं मिनिट इंजिन चालवलं. थेंबभर पाणी नसलेल्या इंजिनातून तोच ओला, पांढरा धूर निघत राहिला.

मग मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली. आम्ही जुने मेकॅनिक असंच ऐकतो. पहिला सिलिंडर ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यात आधी गुळगुळ ऐकू आली, पाण्यात कोणी श्वास सोडावा तशी. आणि मग, अगदी जवळून...

"दार उघडा ना..."

मी इंजिन बंद केलं. चंपाताईला एवढंच विचारलं, "गाडी कोणाकडून घेतलीत?"

"आमच्याच गावच्या रंगरावाकडनं."

त्याच दुपारी मी रंगरावाच्या दारात गेलो. म्हातारा ओट्यावर ऊन खात बसला होता. मी म्हणालो, "तुमच्या गाडीत आवाज येतोय." त्याने कसला आवाज ते विचारलं नाही.

"बाईचा ना?" तो म्हणाला.

मी मान हलवली.

"पाऊस होता. रस्त्यात तिनं हात केला, म्हणून शेजारी बसवली. नाव इचारलं न्हाय. गावाबाहेरच्या वळणावर गाडी कालव्यात गेली... मी खिडकीतनं निघालो. ती दार बडवत होती. मी पळालो. सकाळी क्रेननं गाडी काढली, तर आत कुणीच नव्हतं. तिच्या बाजूचं दार बंद, काच वर. मग मी कुणाला सांगितलंच न्हाय."

परत येऊन चंपाताईला सगळं सांगितलं. वाटलं, ती गाडी इथेच सोडून जाईल. तिने चावी उचलली. मग म्हणाली, "त्या वळणावर चला."

कालव्याच्या काठावर ऊन होतं. पाणी संथ होतं. तिने इंजिन चालू ठेवलं. मी मागे, धुरापाशी उभा राहिलो. ती स्टीअरिंगमागून डावीकडे झुकली, डावीकडचं दार आतून पूर्ण उघडलं आणि हळू आवाजात म्हणाली, "उतर बाई... कुणी अडवत न्हाय आता."

काहीच झालं नाही. मग डाव्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे करकरले आणि पिकअप त्या बाजूने किंचित वर उठला, आतून कोणी उतरल्यावर उठतो तसा. धूर विरळ झाला. माझ्या डोळ्यांदेखत थांबला. चंपाताईने पदराने तोंड झाकलं. ती रडत होती.

गाडी आजही रोज मंडईत येते. धूर नाही, आवाज नाही.

पण एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. ती दार लावायला वळली, त्याआधी पाटे पुन्हा एकदा करकरले होते. गाडी आणखी थोडी वर उठली होती... पहिल्यापेक्षा कमी. अगदी हलकं, लहानसं कोणीतरी मागोमाग उतरावं, तेवढीच.

रंगराव तर एकाच बाईबद्दल बोलला होता.