स्वीडनमधला स्वयंपाक

साताऱ्याच्या स्टँडवर रिक्षा एकच उरली होती आणि हात दोघांनी केला होता. श्रावणसर जोर धरायच्या आत ब्राह्मी एका बाजूनं आत शिरली, तर दुसऱ्या बाजूनं एक उंच तरुण डोकं वाकवून शिरत होता.

"आधी हात मी केलता," ती म्हणाली.

"उतरतो की... पण मी भिजलो तर भाषण कोण देणार?"

अंगणवाडी पर्यवेक्षिकांच्या शिबिराचा पाहुणा तो हाच निघाला. नाव अतिशय, गाव सांगली, स्वीडनमध्ये समाजकल्याण शिकून आलेला. मूल झालं की तिथं बापालाही रजा मिळते, बाप बाबागाडी घेऊन बागेत फिरतात आणि कुणी हसत नाही, असं त्यानं इतकं गोड सांगितलं, की पर्यवेक्षिका ब्राह्मी नोंदी घ्यायचीच विसरली.

मग साहेबांना दर शनिवारी साताऱ्यात काम निघू लागलं. दोघंही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, म्हणून भेटी दुपारच्याच.

"हिवाळ्यात तिथं तीनलाच अंधार," तो सांगायचा. "रात्रीचं जेवण भर दुपारी!"

"करायचं कोण?"

"मीच. भाकरी सोडून सगळं येतंय मला."

"भाकरी मी शिकवीन की..." ती बोलून गेली आणि लाजून चूर झाली. त्यानं डबा द्यायच्या निमित्तानं तिची बोटं धरली, ती सोडलीच नाहीत.

दिवाळीनंतर त्यानं तिला सांगलीला घरी नेलं. त्याच्या आईला, चंदनबालांना, पोरगी बघताक्षणी आवडली.

"बदली मिळंल गं हिकडं," त्या म्हणाल्या. "पण सांजच्याला सुटून कसं भागायचं? दिवस मावळायच्या आत ताटं व्हाय लागत्यात. माझ्याच्यानं आता हुभं ऱ्हावत न्हाई. नोकरी सोडलीस तर बरं हुईल, बाळ."

ब्राह्मीनं अतिशयकडं पाहिलं. "तू तर घरूनच काम करतोस. तू कर की."

"ह्यो? चुलीपाशी?" चंदनबालांनी हसून पदर तोंडाला लावला. आणि आईबरोबर तोही हसला. ब्राह्मीच्या काळजाला ते हसू झोंबलं.

दारात तो हळूच म्हणाला, "तिथली गोष्ट येगळी गं. हितं लोकं हळूहळू बदलत्यात. तवर..."

"लोकं म्हंजे कोण, अतिशय? घरात तर तुमी दोघंच हायसा."

तो दाराच्या कडीशी चाळा करू लागला.

"मी... आवडत न्हाई तुला?"

"लय आवडतोस." ती चपला घालायला पायरीवर बसली. "आत जा. आईला एवढंच सांग, 'सैपाक मी करीन' म्हणून. सांगितलंस तर उद्या लग्न करते."

ती चपलेचा पट्टा उगीच सोडून पुन्हा लावत बसली. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तो उंबऱ्याकडं बघत तसाच उभा राहिला. मग ती उठली आणि एकटीच स्टँडकडं चालू लागली.

घरी तिनं सांगितलं, जमलं नाही. मुलगा कसा होता, वडिलांनी विचारलं.

"बोलतो फार छान," ती म्हणाली.