गाळलेली बारा नावं

मी त्याच्यावर पहिल्यांदा ओरडले, तेव्हा तो कोण आहे हे मला माहीतही नव्हतं.

सोमवारची सकाळ. चाकणच्या आमच्या कंपनीत ट्रेनिंग हॉलच्या दारात दोन बॅचेस एकाच वेळी येऊन थडकलेल्या. आग विझवण्याचं प्रशिक्षण घेणारे वीसजण आणि फोर्कलिफ्टचे बारा. आत कोणी जायचं यावरून हमरीतुमरी चाललेली. आणि बरोब्बर दारात, हातावर लॅपटॉप तोलत, एक उंच मुलगा उभा.

"तुम्ही कुठल्या बॅचचे?" मी विचारलं.

"मी... कुठल्याच नाही."

"मग वाट कशाला अडवताय? आधीच कुठल्या तरी शहाण्याने आमचं बुकिंगचं कॅलेंडर नव्या पोर्टलवर नेऊन सगळा विचका करून ठेवलाय! चार वर्षं सांभाळलंय मी ते!"

तो कानापर्यंत लाल झाला. "तो शहाणा... मीच. समाधान. वाकडच्या हेड ऑफिसातून आलोय."

कोणीही ओशाळलं असतं. मी नाही ओशाळले. ट्रेनिंगचं सगळं नियोजन माझ्याकडे. कोणाला कधी हॉल, कोणाला जागा, हे प्रत्येक खातं त्याच कॅलेंडरवर बघायचं. उलट मला वाटलं, बरं झालं, आयता सापडला.

आगवाल्यांना मी कॅन्टीनमध्ये पाठवलं. फोर्कलिफ्टच्या बॅचच्या बाराही खुर्च्यांवर सुपरवायझर मंडळी जाऊन बसली. आणि मग मला व्हरांड्याच्या टोकाला दुर्गाबाई दिसल्या. त्यांच्या मागे पॅकिंगच्या अकरा बायका.

"ताई, आमची नावं न्हाईत म्हनत्यात," दुर्गाबाई म्हणाल्या. "आट म्हैनं वाट बगितली आमी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या बारा जणी कंत्राटावरच्या. फोर्कलिफ्टचं सर्टिफिकेट मिळालं तर ऑपरेटर म्हणून कायम होणार होत्या. ट्रेनर वर्षातून फक्त तीनदा येतो. त्यांच्या जागा मी स्वतः नोंदवल्या होत्या!

मी समाधानकडे वळले. त्याने भराभर बटणं दाबली.

"मॅडम, यांना एम्प्लॉयी कोड नाही. पोर्टलने नावं गाळली आणि वेटिंग लिस्टवरचे आपोआप वर आले. सिस्टमच्या हिशेबाने या... नाहीतच."

"सिस्टममध्ये नसतील. दारात उभ्या आहेत. दिसतात का?"

त्याने मान वर केली. बारा जणींकडे एकेक करून बघितलं. मग लॅपटॉप मिटला आणि हळू आवाजात म्हणाला, "दिसतात."

आम्ही दोघं एचआर प्रमुख नानासाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते फोनवरून नजर न काढता म्हणाले, "पुढच्या बॅचला बघू की. सुपरवायझर बसलेत, त्यांना आता काय उठवायचं?"

"का नाही उठवायचं?" माझा आवाज चढला. "त्या आठ महिने थांबल्या, यांची नावं परवा शनिवारी वर आली!"

"स्वरूपा, पोर्टलने दिलेल्या जागा आहेत त्या."

"पोर्टलने नाही, सर," समाधान मध्येच बोलला. "चूक माझी आहे. जुन्या कॅलेंडरवर कोड नसलेली नावं होती. ती कोणाची, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी तसं हेड ऑफिसला लेखी कळवतो. पण आज या बायकांना आत बसू द्या."

नानासाहेबांनी फोन खाली ठेवला. दहा मिनिटांत सुपरवायझर धुसफुसत बाहेर आले आणि दुर्गाबाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

माझा राग मात्र इतक्या स्वस्तात जाणारा नव्हता. पुढचे दहा दिवस समाधान आमच्याच प्लांटमध्ये होता. कंत्राटी कामगारांची नोंद गेटपासच्या नंबरावर होईल अशी सोय करत होता. लाइनवर जाऊन प्रत्येकीला पूर्ण नाव विचारायचा, लिहून झालं की वाचून दाखवायचा. परभणीकडचा होता, बोलताना आधी थांबायचा, मग बोलायचा.

"आज किती रागावलाय?" चहा पुढे सरकवत तो रोज विचारायचा.

"कालपेक्षा जास्त."

"मग साखर थोडी जास्त टाकायला पाहिजे होती."

मी हसू दाबायचे. तो ते बघायचा... आणि बघितलं नाही असं दाखवायचा.

शेवटच्या दिवशी नानासाहेब सहज बोलून गेले, "पोरगं सरळ आहे हो. या पोर्टलवर त्याचं प्रमोशन ठरलेलं. चूक कबूल करणारं ते पत्र पाठवलं आणि गेलं."

मी तडक बाहेर आले. संध्याकाळची कंपनीची बस निघायच्या बेतात होती. तो खिडकीशी बसला होता. मी शेजारी जाऊन बसले, अक्षरशः धपकन.

"प्रमोशन गेलं हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी भांडले असते! तुमच्या हेड ऑफिसशी! चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा, ही कुठली रीत? अन्याय आहे हा चक्क!"

पुढच्या सीटवरच्यांनी माना वळवल्या. बस तळेगाव चौकातल्या ट्रकांच्या गर्दीत अडकली होती. समाधान माझ्याकडे वळला.

"माझ्यासाठी आजवर कोणी असं भांडलं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही विषय बदलू नका."

"नाही बदलत. दहा दिवसांपासून हाच विषय आहे." तो थांबला. "स्वरूपा... मला तुम्ही आवडता. रागावलेल्या तर फारच. उद्यापासून मी वाकडला. तुम्ही राहता त्या काळेवाडीपासून काही लांब नाही. येऊ का भेटायला?"

बाहेर हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता.

"हे बोलायला दहा दिवस लागतात?" मी विचारलं.

"तुमची भीती वाटत होती."

त्याचा हात माझ्या हाताला लागला, थबकला... मग अलगद त्यावर विसावला.

"रविवारी या. पाच वाजता," मी म्हटलं. "पण राग गेलेला नाही हं माझा."

आणि हात मात्र मी काढून घेतला नाही.