माझा गुडघा विट्याला गेला

सांगलीच्या हाडांच्या दवाखान्यात मी सहामाही तपासणीला गेले होते. बाकड्यावर शेजारी गळ्यात हात अडकवलेल्या एक काकी आणि त्यांचा मुलगा बसला होता. मुलगा उंच, निवांत... आणि दर दोन मिनिटांनी माझ्याकडं बघून लगेच छताच्या पंख्याकडं बघणारा. त्या पंख्यात एवढं काय होतं कुणास ठाऊक. औषधाच्या खिडकीतून काकींना हाक आली, तसा तो गडबडीनं उठला आणि बाकड्यावरचं एक्स-रेचं पाकीट उचलून गेला.

माझा नंबर आल्यावर डॉक्टरांनी पाकिटातली फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "अंकिता, गुडघा फारच नाजूक झालाय की तुझा." बघते तर मनगट! नशीब, माझा एक्स-रे त्यांच्या कॉम्प्युटरवर होता. तो बघून ते म्हणाले, सगळं स्वच्छ आहे, आता सहा महिन्यांनी ये. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या पंखेवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

संध्याकाळी फोन आला. पाकिटावर माझा नंबर होता.

"तुमचा पाय माझ्याकडं हाय," पलीकडून आवाज.

"मग मी उभी कशावर आहे?"

पलीकडं हसू फुटलं. त्यानं नाव सांगितलं, वीरधवल. विट्याचा. आईचा हात तुमच्याकडं असंल, म्हणाला. मी म्हटलं, आहे, प्लेट आणि सहा स्क्रूंसकट सुखरूप आहे. पुढं तो थोडा अडखळला. "एक इचारू? हे... गुडघ्याच्या जागी काय हाय?"

हा प्रश्न मला शंभर जणांनी विचारलाय, आणि शंभर जणांचा आवाज मयताला आल्यासारखा. ह्याचा तसा नव्हता. म्हणून मी सरळ सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला गाठ निघाली. कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरून टाकणारी. गावात सगळ्यांनी माझा पाय कापून टाकला होता, फक्त बोलण्यात. पुण्याच्या सर्जननी मात्र गाठीसकट अर्धी वीत हाड काढलं, तिथं धातूचा सांधा बसवला आणि पाय माझा मला परत दिला. सहा महिने काठी, मग नुसती मी. आता कुंडलच्या शाळेत उभी राहून गणित शिकवते. थोडी लंगडते, ते लंगडते.

"धातू कुठला?" त्यानं विचारलं.

"टायटॅनियम, आणि अजून काय काय."

"म्हंजे आमच्या भट्टीत वितळायचा न्हाई," तो मनापासून म्हणाला. "सोन्याचं पानी हुतं तिथं. तुमचा गुडघा हाय तसा ऱ्हाईल."

विट्यातल्या निम्म्या घरांसारखं त्याचंही घर गलाईवालं, जुनं सोनं वितळवून शुद्ध करणारं. दुकान कोइमतूरला, आईच्या ऑपरेशनसाठी तो गावी आलेला. माझ्या गुडघ्याचं कौतुक करणारा हा पहिलाच माणूस, आणि मला ते फार म्हणजे फारच आवडलं.

माझ्या पाकिटात चार फिल्म होत्या. एसटीनं पाठवा म्हटलं तर स्वतः आला, आणि एकच घेऊन आला. बाकीच्या घरी राहिल्या म्हणे. चार दिवसांनी दुसरी. आठवड्यानं तिसरी. मी विचारलं, तुमच्याकडं पिशव्या नाहीत का? तो म्हणाला, हायत की, पण एका येळी एकच फिल्म धरून यायला बरं वाटतं.

शाळा सुटली की आम्ही उसाच्या कडेनं चालत यायचो. कारखान्याच्या मळीचा वास, अंगाला गार वारा, आणि मी बांधावरून तिरकी होऊन हळूहळू उतरणारी. त्यानं हात पुढं केला नाही. नुसता खालच्या बाजूनं चालायला लागला, माझ्या चालीनं, जणू त्याची चाल पहिल्यापासून तेवढीच होती. त्या दिवशी मला कळलं की आता माझं काही खरं नाही.

"चौथी फिल्म?" मी विचारलं.

"ती आईला आन् भाऊसोकाकास्नी घिऊन यतो तवा."

माझे कान गरम झाले. पण एक अट घातली. घरच्यांना पायाचं तो काही सांगणार नाही, मीच सांगणार. पाय माझा आहे.

आणि इथंच मनुबाई आत्या आडवी आली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यामुळं तिच्यापुढं माझे वडील, आमचे नानासुद्धा गप्प. आत्याचं म्हणणं एकच. खो-खो खेळताना पडली, एवढंच सांगायचं. बाकीचं लग्न झाल्यावर बघू. मी म्हटलं, खोटं बोलून मी नांदायला जाणार नाही. ती म्हणाली, खरं बोललीस तर नांदायला जाणारच न्हाईस. मी चिडले, भांडले, जेवले नाही. कारण ती म्हणत होती त्याचीच मला भीती होती. मला तो हवा होता. पण लपवून मिळणारा नको होता.

रविवारी पाहुणे आले. वीरधवल, हात गळ्यात अडकवलेली त्याची आई मायाकाकी आणि मिशीवाले भाऊसोकाका. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि थबकले. पाहुण्यांना खुर्च्या, आणि समोर जमिनीवर, रांगोळीच्या मधोमध... पाट.

आत्यानंच मांडलेला. सगळं लपवायला निघालेली माझी आत्या, पण मुलगी बघायला पाहुणे आले म्हटल्यावर हाताच्या सवयीनं पाट मांडून मोकळी झाली. माझा गुडघा एवढा मुडपत नाही, पाटावर बसणं माझ्याच्यानं होत नाही, हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. माझ्याकडं बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"बस की पोरी," भाऊसोकाका म्हणाले.

"ती खो-खो खेळताना..." आत्यानं सुरुवात केली.

"आत्या, राहू दे," मी म्हटलं. आणि ट्रे हातात तसाच धरून सगळं सांगितलं. गाठ, ऑपरेशन, धातूचा सांधा. 

"म्हंजे पायात लोखंड?" काकांनी विचारलं.

"माज्या हातात बी हाय, भावजी," मायाकाकी शांतपणे म्हणाल्या. "मला घरात ठेवताय न्हवं?"

"आवं, तुमी पडला हुता. हिला आजार हुता. परत आला तर?"

खरा प्रश्न तोच होता. नाना खाली बघायला लागले. मी म्हटलं, "येऊ शकतो, काका. पहिली दोन-तीन वर्षं भीती जास्त, त्यातली दोन गेली. दर सहा महिन्यांनी तपासून घेते. येणार नाही असा शब्द मी देऊ शकत नाही."

 तेवढ्यात वीरधवल उठला. मला वाटलं, निघाला.  पण त्यानं आपली खुर्ची उचलली, माझ्यामागं आणून ठेवली, ट्रे काढून घेतला... आणि जाऊन पाटावर मांडी घालून बसला.

"आरं, ही काय तऱ्हा?" काका म्हणाले.

"पाट मोकळा कशाला ऱ्हावा? बस तू," तो मला म्हणाला. पहिल्यांदाच तू. "आन् इचार काय इचारायचं त्ये."

मी बसले.  "नाव काय तुमचं?"

"वीरधवल."

"स्वयंपाक येतो का?"

"च्या यतो. अंडी यत्यात."

"उठून चार पावलं चालून दाखवा."

उठला आणि दारापर्यंत जाऊन आला, मान खाली घालून, नव्या नवरीसारखा. मायाकाकींनी पदर तोंडाला लावला. काकांची मिशीसुद्धा हलली. पुन्हा पाटावर बसल्यावर मी हळूच म्हटलं, "काकांचा प्रश्न राहिला. परत आला तर?"

ह्या वेळी तो हसला नाही. "तर सांगलीला जायाचं दोघांनी. पाकीट मीच उचलणार. नीट बघून."

माझे डोळे भरले आणि मी ते लपवले नाहीत. आत्या तर दाराआड उघड उघड रडत होती.

"मग पोरी," मायाकाकी म्हणाल्या, "पसंत हाय का आमचं पोरगं?"

भाऊसोकाका आता काय बोलतात म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. ते पोह्यांची बशी ओढून घेत म्हणाले, "तिला इचारलंय, मला न्हाई."

"पसंत आहे," मी म्हटलं. "पण माझी चौथी फिल्म द्या म्हणावं आधी."

"ती न्हाई देत," पाटावरून उत्तर आलं. "विट्यालाच ऱ्हाऊ दे. मालकीण तिकडंच यायची हाय."