चौथा रकाना

मास्तर, पुस्तक घ्यायच्या आधी एक सांगा. पुस्तकाच्या बाबतीत माणसानं विश्वास कोणावर ठेवावा? जो ते देतो त्याच्यावर, की जो ते वाचतो त्याच्यावर? हसू नका. मी दोन्ही करतो, म्हणूनच विचारतोय.

बसा त्या डब्यावर, रिकामा आहे. कंदील जरा पुढं ओढतो. आमच्या धरणाची वीज मुंबईला जाते आणि इथं पौडात आम्ही काचा पुसत बसतो. तुम्ही आज दुपारच्या गाडीनं उतरलात आणि शाळेत हजर व्हायच्या आधी माझ्या दुकानात येऊन विचारलंत, "शेटजी, रहस्यकथा आहे का एखादी?" बरं वाटलं. आणि खरं सांगू, भीतीही वाटली. का ते सांगतो.

मी चौथीत शाळा सोडली. पुढचं वाचन झालं ते पुड्यांच्या कागदावर. पुण्याहून रद्दी यायची, तिच्यात अर्धीमुर्धी पुस्तकं असायची. जिरं बांधता बांधता एका खुनाच्या गोष्टीत असा अडकलो की गिऱ्हाईक ओरडून निघून गेलं. तेव्हापासून धड असलेली पुस्तकं बाजूला काढायला लागलो. मग विकत आणायला लागलो. हे कपाट भरलं ते तसं. वरच्या दोन फळ्यांवर रहस्यकथा, खाली पोरांसाठी साहसाच्या गोष्टी. न्यावं, वाचावं, परत आणावं.

आणि ही वही. प्रत्येक पानावर चार रकाने आखलेत. पुस्तकाचं नाव, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, आणि चौथा रकाना माझ्या डोक्यातला: गुन्हेगार कितव्या पानावर ओळखला. वही गल्ल्याशेजारी उघडी असायची. लोक बघायचे, माना डोलवायचे. "शेटनं त्रेसष्टाव्या पानावर धरला चोर!" सिराज टेलरला मी एक पुस्तक दिलं, तर त्या नादात त्यानं हैबतराव पाटलांच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. पाटील कोट घालून माझ्याकडेच भांडायला आले, आणि जाताना तेच पुस्तक घेऊन गेले. असा माझा शब्द चालायचा.

सत्तावन्न साली दवाखान्यात सगुणाबाई नर्स म्हणून आल्या. ताम्हिणीकडच्या. पस्तिशीच्या असतील. अंगाला कायम कार्बोलिक साबणाचा वास. बाळंतपणं करत वाड्यावस्त्यांवर पायी फिरायच्या आणि चालता चालता वाचायच्या. पान उलटताना नखानं टिचकी मारायची सवय होती त्यांना. टच्. पाठमोरा बसलो असलो तरी मला कळायचं कोण आलंय.

पहिलं पुस्तक परत करताना त्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिलं. "शेटजी, तुमाला त्रेसष्टाव्या पानावर कळलं व्हय? मला एकोणतिसाव्याला कळलं." आणि पिशवीतून स्वतःची छोटी वही काढून दाखवली. तसेच चार रकाने. माझंच बघून आखलेले, पण आकडे सगळे माझ्यापेक्षा लहान.

तेवढ्यावर राहिलं असतं तर सोसलं असतं. पण लोक त्यांना विचारायला लागले. सिराजची मुलगी कमरबी शाळा सोडून घरी बसली होती. मी तिला चांगल्या वर्तनाच्या गोष्टींचं पुस्तक दिलं होतं, ते लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बसलं. सगुणाबाईंनी तिला माझ्याच कपाटातून, माझ्याच खालच्या फळीवरून, गुहेत हरवलेल्या पोरांची गोष्ट काढून दिली. चौथ्या दिवशी कमरबी दारात उभी. "याच्या फुडचा भाग हाय का?" आषाढात ती पुन्हा शाळेत जायला लागली. सिराज मला म्हणतो, "शेट, बाईंच्या हाताला गुण हाय." पुस्तक माझं, कपाट माझं, आणि गुण बाईंच्या हाताला! त्यानंतर जो तो कपाटासमोर उभा राहून माझ्याकडे न बघता म्हणायचा, "नर्सबाईंनी सांगितलंय ते द्या."

मी जळत होतो, मास्तर. जेवताना घास गोड लागेना. मग मी एक हलकं काम करायला लागलो. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचं आणि चौथ्या रकान्यात लहानसा आकडा टाकायचा. एकदा लिहिलं, अकरा. बाजाराचा दिवस होता, दुकानात दहा माणसं. सगुणाबाईंनी वही पाहिली आणि हसल्या. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात, बारीक. "आवो शेटजी, अकराव्या पानावर तुमी गुन्हेगार धरला? तितं तर खूनसुदिक झाला न्हाई अजून!"

सगळे हसले. सिराज तर खाली बसून हसला.

त्याच आठवड्यात पुण्याहून नवं पुस्तक आलं. श्रीमंत सावकार, त्याचा पुतण्या, त्याचा मुनीम, एक आश्रित बाई. मी जेमतेम वीस पानं वाचली असतील, शेवटचं पान अजून पाहिलंही नव्हतं, तोवर सगुणाबाई आल्या. धरणाच्या पलीकडच्या काठावर तुळजाबाईंच्या सुनेचं बाळंतपण होतं, सोबत न्यायला तेच हवं होतं. म्हटलं, संध्याकाळी देतो. त्या गेल्यावर मिठाची पोती उसवायची सुरी घेतली, शिवण कापली आणि शेवटचा फर्मा, सोळा पानं, अलगद काढून घेतला. पुठ्ठा परत चिकटवला. दोनशे आठ पानांचं पुस्तक एकशे ब्याण्णवचं झालं. बेत असा होता की शेवट फक्त मला माहीत असेल. त्या हात हलवत परत येतील, आणि दहा माणसांसमोर मी म्हणेन, "मला तर विसाव्या पानावरच कळलं होतं."

संध्याकाळी पुस्तक त्यांच्या हाती दिलं, फर्मा सवडीनं वाचू म्हणून तराजूखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला वर गेलो, खाली माझी बायको रत्ना बसली होती. तिनं त्या सोळा पानांच्या हळदीच्या पुड्या बांधल्या. मी उतरलो तोवर पुड्या गावभर गेल्या होत्या, कागद चुलीत. तो शेवट आता पौडात कोणालाच माहीत नव्हता. मलाही नाही.

सगुणाबाई परत आल्या नाहीत. बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. पण पावसानं आठ दिवस होडी बंद होती, त्यांना तिथंच ताप भरला आणि तिथंच गेल्या. औषध घेऊन जायला कोणी पोचलं नाही.

भाद्रपद लागला तेव्हा होडीवाला बहिरू दुकानात आला. "शेट, तुमचं पुस्तक तिकडंच हाय. येऊन न्या म्हनत्यात."

"कोण म्हणतंय?"

तो तंबाखू मळत राहिला. "तुमी येऊन न्या."

पुस्तक आणायला मी नेहमीच जायचो, त्यात काही विशेष नव्हतं. सकाळच्या गाडीनं धरणापर्यंत गेलो, तिथून होडी. भरदुपार, पण धुकं असं की वल्ह्याचं टोक दिसेना. पाण्याचाही आवाज नाही. तुळजाबाईंचं घर काठापासून थोडं वर, ओल्या लाकडाच्या धुरात बुडालेलं. ओसरीवर बसलो आणि धुरातून तो वास आला. कार्बोलिक साबणाचा.

"घर धुतलंत का?" मी विचारलं.

तुळजाबाई नात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोर रडून रडून निळं पडलं होतं. "बाई गेल्यापासून साबन न्हाई घरात," त्या म्हणाल्या. मग हळूच, "गप बसा जरा. हीच येळ हाय."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आधी काही नाही. मग... टच्. थोड्या वेळानं परत, टच्. भराभर वाचणाऱ्या माणसाची लय असते, मास्तर, ती मी ओळखतो. पानं सरत होती. पोर रडायचं थांबून दाराकडं बघत होतं. कितीतरी वेळ... आणि मग आवाज थांबला. त्यानंतर एक वेगळाच. खर्र... खर्र... तुटक्या शिवणीवरून कोणीतरी नख फिरवत होतं. वरून खाली. पुन्हा वरून खाली.

पोरानं किंकाळी फोडली.

"रोज हितंच थांबतं," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे न झोपून लाल झाले होते. "तापातबी तेच. फुडं काय झालं, फुडं काय झालं... पंधरा दीस झालं, लेकरू झोपंना, दूध घेईना. असं अजून चार दीस गेलं तर हातचं जाईल वो. तुमचं पुस्तक हाय, तुमी वाचलंच आसंल. जावा आत, तिला सांगा काय झालं त्ये. मंग जाईल ती."

आता मी काय सांगणार होतो?

तरी उठलो. दुकानदाराला अडून बसता येत नाही. खोलीत उजेड म्हणजे कौलातून येईल तेवढा. बाजेवर घडी घातलेली घोंगडी, तिच्यावर पुस्तक. मिटलेलं. मी दाराशीच उभा राहिलो आणि माल खपवताना लावतो तसला घट्ट आवाज लावला. "बाई... खून मुनिमानं केला. पैशासाठी."

बाहेर पोर रडायचं थांबलं.

मग पुस्तकाचा पुठ्ठा वर उचलला गेला. वारा नव्हता, शपथेवर सांगतो. पानं उलटायला लागली, सावकाश, एकेक, लहान पोराला चित्र दाखवावं तशी. एके ठिकाणी थांबली. मला वाकून बघावंसं वाटत नव्हतं, पण मान आपोआप खाली गेली. पान एकशे सतरा. विहिरीत मुनिमाचं प्रेत सापडलं होतं. खून झाला त्याच्या आदल्या रात्रीच मेला होता तो.

आणि कानाशी, अगदी कानाशी... ते हसू. नाकातल्या नाकात. बारीक.

ओठावर आलं होतं, मास्तर. 'बाई, मी फाडली. मलाही माहीत नाही.' एवढंच बोलायचं होतं. पण दाराबाहेर तुळजाबाई ऐकत होत्या, आणि उद्या बहिरू, परवा सिराज, तेरवा सगळा बाजार. मी पुस्तक उचललं आणि बाहेर आलो. "सांगितलं," म्हटलं. "आता झोपेल पोर."

झोपलं. माझ्यादेखत झोपलं. तुळजाबाई पाया पडायला वाकल्या. मग त्यांनी कनवटीला खोचलेली सगुणाबाईंची छोटी वही काढून माझ्या हातावर ठेवली. "ही बी तुमालाच द्या म्हनाल्या व्हत्या."

होडीत बसलो. बहिरूनं दोन हात मारले आणि थांबला. माझ्या मागं बघत म्हणाला, "शेट, येताना होडी हलकी व्हती." मग काठ लागेपर्यंत खाली मान घालून वल्हवत राहिला.

गाडीत वही उघडली. शेवटची ओळ तापातली, अक्षर हललेलं. पुस्तकाच्या नावापुढं संपल्याची तारीख नव्हती. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं: 'पान १९२. शिवणीत मिठाचे खडे. शेटजी. विचारल्यावर खरं सांगतील.'

त्यांनी ओळखलं होतं. आणि ओळखूनही माझ्यावर भरवसा टाकला होता. मला विचारणं झालंच होतं, तुळजाबाईंच्या तोंडून, आणि मी मुनीम सांगून मोकळा झालो होतो.

त्या वर्षापासून माझ्या वहीत मी न लिहिलेली नावं निघतात. पुस्तकाचं नाव, पुढं माणसाचं. अक्षर त्यांचं. सुरुवातीला खोडली. नंतर बघितलं, ज्याचं नाव निघतं तो आठवड्याभरात दुकानात येतो, आणि ते पुस्तक दिलं की डोळ्यांत पाणी घेऊन परत करायला येतो. "शेटजी, कसं ओळखलंत हो मला हेच हवं होतं?" सात वर्षं झाली. सगळा मुळशी तालुका माझं नाव घेतो, आणि मी अजून जळतो. मेल्यावरही गिऱ्हाईक तिचंच! फाडलेल्या फर्म्याची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, रत्नालासुद्धा नाही. आज तुम्हाला पहिल्यांदा.

तुम्हालाच का, ते बघा. ही वही. ही ओळ गेल्या सोमवारी निघाली. पुस्तक तेच, सावकाराचं. सात वर्षांत तिनं ते कोणाच्याच नावापुढं लिहिलं नव्हतं. पुढं हे नाव, वडिलांच्या नावासकट. वाचा. सोमवारी पौडात तुम्हाला ओळखणारं कोणी होतं का, मास्तर? आणि सुरू केल्याची तारीख बघा. सोमवारी पाहिली तेव्हाही आजचीच होती.

मला द्यायचं नाही हे पुस्तक. पण तिनं लिहिलेलं दुसरं एक पुस्तक न देऊन पाहिलंय एकदा, दुसऱ्या एका माणसाच्या बाबतीत. त्याबद्दल विचारू नका. घ्या. एकशे ब्याण्णव पानं आहेत. चौथा रकाना तुमच्यासाठी कोरा ठेवलाय. कळलं तर पान लिहा, नाही कळलं तर नाही कळलं असं लिहा. त्यात लाज कसली? तेवढा हिशेब मात्र खरा ठेवा, मास्तर. हात जोडतो.