सोमवारीच चारशे

"हिनं माझ्या अव्वाला मारायला घेतलं, मॅडम! लिवा तक्रार, आन् घाला हिला आत!"

शिवप्पाने बायकोचं मनगट धरून तिला ओढतच ठाण्यात आणलं होतं. उदगीरच्या बाजारातला भांड्यांचा व्यापारी तो, आवाज बाहेरच्या रिक्षावाल्यांपर्यंत पोचत होता. जगदेवी मान खाली घालून उभी होती. तिची एक बांगडी फुटून मनगटात रुतली होती. ते पाहून फौजदार पंचशीला सूर्यवंशीचं डोकंच फिरलं.

"आधी त्यांचा हात सोडा. मग बोला."

हकिगत वरवर सरळ होती. शिवप्पाची आई पार्वतम्मा मधुमेहाची जुनी रोगी. रोज सकाळी जगदेवी घरच्या मशीनवर सासूची साखर तपासायची आणि आकड्याप्रमाणे इन्सुलिन टोचायची. आज सोमवारी टोचलं आणि थोड्याच वेळात म्हातारी घामाने निथळून बेशुद्ध पडली. दवाखान्यात साखर निघाली चौतीस. गेल्या सोमवारीही ती अशीच कोसळली होती.

"मशीनवर आकडा किती आला होता?" पंचशीलाने जगदेवीला विचारलं.

"चारशे बारा."

"मग किती टोचलंत?"

"डाक्टरनं ठरवून दिलंय तेवढंच. तीनशेच्या वर गेली तर जास्तीचं द्या म्हणले, मी तेवढंच दिलं. महादेवाची आन."

"खोटं बोलती ही!" शिवप्पा गरजला. "चारशेची लगेच चौतीस हुती का? हिनं सिरिंज भरून मारली. आधी चोरून गोड चारती, मग टोचती."

"मारायचंच असेल तर दोन्ही कशाला करतील? एक काय ते ठरवा," पंचशीला म्हणाली.

शिवप्पा तक्रारीवर अडून बसला. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं की जगदेवीची रात्र कोठडीत जाणार होती, आणि सुटली तरी या घराचं दार तिला बंद होणार होतं. माहेरी तिला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. पंचशीलाने तिला खुर्ची दिली, शिवप्पाने पुरावा म्हणून आणलेलं मशीन पट्ट्यांसकट ताब्यात घेतलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी म्हातारीचं रक्त त्या मशीनवर आणि लॅबमध्ये, दोन्हीकडे तपासून पाहिलं.

"थोडं इकडंतिकडं होतंच," ते म्हणाले. "घरचं मशीन आणि लॅब तंतोतंत जुळत नाहीत. पण हे ठीक आहे. पट्ट्याही मुदतीतल्या आहेत."

"कधी आणि कसं तपासायचं, हे कुणाला समजावलं होतंत?"

"मुलाला. सून बाहेर बाकावर होती. म्हटलं तिलाही बोलवा, तर म्हणाला, मी सांगतो तिला."

पार्वतम्मा शुद्धीवर आली होती. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, कपाळावर भस्म. डाव्या हाताच्या बोटांवर सुईच्या टोचण्या दिसत होत्या, उजवा हात कोरा.

"सगळं डाव्यालाच का, आजी?"

"उजव्यानं जेवायचं असतंय, बाई. त्याला कशाला भोकं?"

"इतर दिवशी आकडा किती येतो?"

"दीडशे, एकशेसाठ. ह्ये दोन सोमवारच चारशे झालं बघ."

"सोमवारी सकाळी काय खाता?"

"पूजेआधी मी पाणीसुदिक घेत न्हाई! पूजा झाली की तपासणी, मग सुई, मग नाष्टा."

"सुनेनं गुपचूप काही चारलं?"

म्हातारी उठूनच बसली. "कोण म्हणलं ते? मी पडले तवा तिनंच तोंडात साखर घातली, रिक्षा तिनंच आणली. कुठं हाय माझी जगदेवी?"

पोटच्या पोराने सुनेला ठाण्यात नेलंय, हे म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं. पंचशीलालाही सांगवेना. ती दात आवळून बाहेर पडली.

नवराबायकोला घेऊन ती त्यांच्या घरी गेली. ओसरीवर कापडी फलक टांगला होता: 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'. शिवप्पा कृती समितीत होता आणि हल्ली दर सोमवारी बैठक त्याच्याच ओसरीवर भरत होती. फलकाखाली निळे ड्रम होते, भरलेले, वर साखळी आणि कुलूप. तो दुष्काळाचा उन्हाळा होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीरचे नळ खडखडत होते. तरी ओसरीपुढे उभी असलेली शिवप्पाची गाडी लखलखत होती.

देवघरात सकाळचं पंचामृत वाटीत तसंच होतं. शेजारी खुंटीवर पंचा होता. त्याच्या कडेला कडक डाग पडला होता आणि डागावर मुंग्या लागल्या होत्या.

"पूजा कशी करतात?" तिने जगदेवीला विचारलं.

"डाव्या तळहातावर लिंग घिऊन. रोज पळीभर पाण्यानं, सोमवारी पंचामृतानं."

"आणि मग हात?"

"ह्या पंचाला पुसत्यात."

"पहिल्यापासून?"

जगदेवीने ड्रमांकडे पाहिलं. "न्हाई. कुलूप लागल्यापासून. दोन सोमवार झाले."

पंचशीला शिवप्पाकडे वळली. "चावी द्या."

"पाणी पायजे का? मी काढून देतो की, तुमी कशाला…"

त्याची नजर तिच्या हातावर होती. ही नजर तिला लोहा गावच्या शाळेतल्या माठापासून पाठ होती. तिथे जात बघून तिला वरूनच ओंजळीत पाणी ओतत असत.

"माझ्या हातानं घेईन," ती म्हणाली. "चावी!"

तिने कुलूप काढलं, तांब्या बुडवला, साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि स्वतःचं बोट टोचलं. मशीनवर सत्त्याण्णव आले. मग दुसरं बोट पंचामृतात बुडवलं, त्याच पंचाला पुसलं आणि टोचलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी!

"एवढ्यात मला मधुमेह झाला का हो, शिवप्पा?"

शिवप्पाने मशीन उचलून उलटसुलट करून पाहिलं.

"चारशे बारा तुमच्या आईच्या रक्तात नव्हतेच. ते बोटावर होते. पंचामृतात मध आणि साखर. पुसलं तरी थर राहतो, आणि थेंबभर रक्तात तो मिसळला की मशीन बिचारं त्यालाच रक्त समजतं. म्हातारीची साखर दीडशेच्या आसपास असणार. जगदेवीबाईंनी आकडा खरा मानून चारशेचं इन्सुलिन दिलं, मग साखर तळाला जाणार नाही तर काय? चमचाभर तीर्थानं लगेच कुणाची साखर चारशे होत नाही. इतर दिवशी नुसतं पाणी, म्हणून आकडा बरोबर."

"मला काय ठावं, मॅडम? ही तर चूक झाली. कुणाचाच गुन्हा न्हाई."

पंचशीलाने डॉक्टरांना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"हात धुऊनच तपासायचं, ही माझी पहिली सूचना असते," डॉक्टर म्हणाले. "गेल्या सोमवारी त्या पडल्यावर मी मुलाला मुद्दाम विचारलं, हात धुता ना? म्हणाला, साबण लावून धुतो."

जगदेवीने पहिल्यांदाच मान वर केली.

"मला कुणी सांगितलंच न्हाई! अत्याबाईनी हात धुवायला पाणी मागितलं, तर हे म्हणले, पुसून घ्या, बैठकीला माणसं येणार हायेत."

"माणसांना पाणी, गाडीला पाणी, आणि आईच्या बोटाला नाही," पंचशीला म्हणाली. "चूक गेल्या सोमवारी झाली असेल. पण त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. कुलूप काढलंत? नाही. खोटं बोललात. आज आई पुन्हा पडली आणि तुम्ही घाबरलात. डॉक्टर पुन्हा विचारणार, सून खरं सांगणार. त्याआधीच तिला आत घालायला धावत आलात. कुणी शहाणा आईला दवाखान्यात टाकून आधी ठाण्यात येतो का?"

शिवप्पा खाली बसला. "एवढ्यानं अव्वा मरल असं वाटलं न्हाई, मॅडम. कुलूप काढलं असतं तर अव्वा त्याच्यापायी पडली हे समितीत कळलं असतं, हसू झालं असतं, माझीच चूक म्हणले असते… मी तक्रार मागं घेतो."

"घ्या. पण त्यानं मिटत नाही."

तो जगदेवीकडे वळला आणि एकदम गोड आवाजात म्हणाला, "चल. अव्वाकडं जाऊ. झालं गेलं सोडून दी."

जगदेवी जागची हलली नाही. मनगटात रुतलेली काच तिने हळूच उपसून काढली.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी तक्रार लिवून घ्या. ह्यांच्यावर."

"अगं, घरातली गोष्ट हाय ही!"

"सकाळी ठाण्यात ओढत न्हेलं, तवा न्हवती का घरातली?"